पुढचा ब्रेक, मागची गाडी

31 मे 2025, शनिवार

बाईक शर्यतींचा व्हिडिओ गेम नवख्यांना शिकवायच्या वर्गाची जागा ठरली. लालबागला वाचनालयाची वरची खोली, शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसात. खाली ज्येष्ठ मंडळी पेपर वाचत बसतात, त्यामुळे आवाज हेडफोनमध्येच, ही समितीची एकमेव अट. एक प्लेस्टेशन 5, ग्राफिक कार्ड टाकून पुन्हा उभा केलेला एक पीसी, दोन कंट्रोलर माझे आणि एक मागून आणलेला. गेम मोटोजीपी 25, मोटोजीपी या बाईक शर्यतींच्या मालिकेवरचा, एप्रिलअखेर आलेला. त्यात मिनीबाईक चालवता येतात, नवख्यांसाठी तेच मला सोयीचं वाटलं. पीसीवर पिबोसोचा जीपी बाईक्स हा गेमही आहे, पण तो आत्ता उघडायचा नाही. तो नवख्याची गय करत नाही.

माणसं जमली ती अशी: दिवसभर बाईकवर पार्सलं पोचवणारा करी रोडचा एक दादा, नववीतली एक मुलगी, नुकत्याच निवृत्त झालेल्या एक काकू, ज्या नातवाशी खेळता यावं म्हणून आल्या, डोंबिवलीहून लोकलने येणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, आणि कार रेसिंगमध्ये मुरलेला एक भाऊ, जो स्वतःचं स्टीअरिंग व्हील घेऊन आला आणि ते इथे चालत नाही म्हणून जरा खट्टू झाला.

उद्दिष्ट एकच लिहून ठेवते. गणपतीच्या आधी प्रत्येकाने अनोळखी लोकांबरोबरची एक ऑनलाइन शर्यत अर्ध्यात न सोडता पूर्ण करायची. लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ नोंदवायची नाही. कितीही वाटलं तरी नाही.

7 जून, शनिवार

पहिलाच दिवस ब्रेकवर गेला आणि तो जायलाच हवा होता. आपल्याकडे गाडी शिकताना प्रत्येकाच्या कानात एक वाक्य ओतलेलं असतं: पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील. पावसाळी रस्ता, पेव्हर ब्लॉक, सांडलेलं ऑइल, हे बघता तो सल्ला अगदीच वेडा नाही. पण तो हाडीमाशी इतका खिळला आहे की पार्सलवाला दादा, ज्याच्याइतके तास आमच्यापैकी कुणीच गाडीवर काढलेले नाहीत, तोच सर्वांत जास्त वेळा वळणाबाहेर खडीत गेला. मागचा ब्रेक दाबत राहायचा आणि गाडी थांबतच नाही म्हणून गेमला शिव्या घालायचा.

मग समजावून सांगितलं. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं. पुढचं टायर जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या टायरवर कितीही ब्रेक मारा, ते फक्त घसरणार. म्हणून रेसच्या गाडीला थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मात्र तो एकदम आवळायचा नाही, वजन पुढे यायला क्षणभर द्यायचा आणि मग दाब वाढवायचा. वजन यायच्या आधीच आवळला तर पुढचं चाक लॉक होतं, आणि तेव्हा मात्र ते जुनं वाक्य खरं ठरतं.

काकूंनी विचारलं, "अगं, माझ्या स्कूटरला तर एकच ब्रेक दाबला की दोन्ही लागतात." बरोबर आहे. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्र लागणारे ब्रेक आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. गेममध्येही दोन्ही ब्रेक जोडणारी मदत असते. काकूंसाठी ती चालू ठेवली, दादासाठी मुद्दाम बंद केली.

सराव इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकवर, मोटो 3 या सर्वांत लहान वर्गाच्या गाडीवर. तिथली सरळ पट्टी 1.1 किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि तिच्या टोकाला सान दोनातोचं उजवं वळण. याच ट्रॅकवर 2023 मध्ये मोटोजीपी रायडर ब्रॅड बाइंडरची गाडी ताशी 366.1 किलोमीटरला पोचली होती. आमचं काम उलटं: वळायचंच नाही. पट्टीच्या शेवटी सरळ रेषेत गाडी पूर्ण उभी करायची. पुन्हा. पुन्हा. नववीतली म्हणाली, "ताई, हे बोअर आहे." आहेच. पण तासाभराने तिला ब्रेकच्या पाट्या न बघता कळायला लागलं की गाडी कुठे थांबणार.

14 जून, शनिवार

आज अंगठा, म्हणजे कंट्रोलरची स्टिक. कारवाला भाऊ स्टिक एकदम टोकाला नेतो, कारण कारमध्ये स्टीअरिंग फिरवलं की चाकं लगेच वळतात. बाईकला आधी झोपावं लागतं, आणि झोपलेली गाडी दुसऱ्या बाजूला न्यायची तर मधे उभी करावी लागते. त्याला वेळ लागतो. स्टिक कितीही जोरात ढकलली तरी तो वेळ कमी होत नाही, उलट गाडी गरजेपेक्षा जास्त झोपते.

इथे टायरची गोष्ट सांगावीच लागते. टायरकडे पकड मोजकीच असते. ती ब्रेकला, वळायला आणि पळायला वाटून द्यायची असते. घरखर्चासारखंच, एका खात्यात जास्त गेलं की दुसरीकडे ओढ बसणार. गाडी सरळ उभी असते तेव्हा सगळी पकड ब्रेकला देता येते. जसजशी झोपवाल तसतसा ब्रेक सोडत जायचा. मोटोजीपीचे रायडर 60 अंशांच्या पलीकडे झोपतात आणि तरीही वळणात शिरताना पुढच्या ब्रेकवर बोट असतं, पण तो दाब उतरता असतो. थ्रॉटलचं याच्या उलट: गाडी उभी होत जाईल तसं पिळायचं.

व्यायाम सोपा ठेवला. मिनीबाईक, ब्रेक नाही, मंद वेग, आणि स्टिक अर्ध्याच्या पुढे न्यायची नाही. डोंबिवलीच्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन (स्टिकची मधली जी हालचाल गेम धरत नाही ती) कमी-जास्त करून पाहिला, त्याच्या कंट्रोलरची स्टिक जुनी झाल्यामुळे मधोमध स्थिरच राहत नव्हती. घरी कीबोर्डवर खेळणार असं तोच म्हणत होता, त्याला नको म्हटलं. कीबोर्डला हो किंवा नाही एवढंच कळतं, थोडंसं ब्रेक ही गोष्ट तिथे नसते.

18 जून, बुधवार

घरून ऑनलाइन जमायचा पहिला प्रयत्न, रात्री साडेनऊ. खाजगी रूम, फक्त आपलीच माणसं. शर्यत झालीच नाही म्हटलं तरी चालेल, नेटचीच परीक्षा झाली.

कारवाल्या भावाची गाडी सगळ्यांना उड्या मारत जाताना दिसत होती. राउटर हॉलमध्ये, हा आतल्या खोलीत, मधे दोन भिंती आणि फ्रिज. लॅनची वायर ओढल्यावर उड्या थांबल्या. नवख्यांना एवढंच सांगितलं की नेटचा वेग महत्त्वाचा नाही, सातत्य महत्त्वाचं. ताशी 200 च्या वेगात गाडी सेकंदाला 55 मीटर जाते. माहिती यायला दीडशे मिलिसेकंद उशीर झाला तर समोरची गाडी जिथे दिसते तिथून आठेक मीटर दूर असते, म्हणजे चार गाड्यांची लांबी. गेम अंदाज बांधून ती दाखवतो, आणि नेट अडखळलं की अंदाज चुकतो. मुंबई ते मिलान हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. नुसतं जाऊन यायलाच 65 मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नाहीत. तेव्हा युरोपातल्या माणसाच्या मागच्या चाकाला चिकटून चालवायचं नाही. जागा सोडायची.

आणखी दोन कामाच्या गोष्टी. प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचे पैसे वेगळे पडतात, स्टीमवर तसं नसतं. हे आधी सांगायला हवं, काकूंच्या मुलाने नंतर विचारलं. दुसरं, युरोपातली संध्याकाळची आठची रूम म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. नववीतलीला ते चालणार नाही.

28 जून, शनिवार

मदती कोणत्या क्रमाने काढायच्या यावर डोंबिवलीकराशी वाद. त्याचं म्हणणं, सगळ्या एकदम बंद करू, लवकर शिकू. मी असे बरेच लोक पाहिलेत. ते लवकर शिकत नाहीत, लवकर सोडतात.

माझा क्रम: सर्वांत आधी आपोआप लागणारा ब्रेक काढायचा. ती मदत वाटते, पण ब्रेक कुठे मारायचा हा निर्णयच ती काढून घेते, आणि तोच निर्णय शिकायचा असतो. त्यानंतर जोडलेले ब्रेक सुटे करायचे. गाडी कुठून न्यायची ते दाखवणारी, रस्त्यावर काढलेली रंगीत लाइन तिसरी, कारण तोवर डोळे तिच्यावरच असतात आणि पुढचं वळण दिसत नाही. गिअर आपोआपच राहू दे, महिनोन्महिने राहू दे, काही बिघडत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे पिळल्यावर मागचं चाक घसरू न देणारी मदत, अगदी शेवटी. खऱ्या मोटोजीपीच्या गाड्यांनाही ते असतंच, मग आपण कसला कमीपणा मानायचा?

रिवाइंडचं बटण मात्र नियमावर. पडलं की आधी तोंडाने बोलायचं, का पडलो, मगच मागे न्यायचं. ब्रेक धरून झोपवली आणि पुढचं टायर सुटलं? झोपलेली असताना पिळलं आणि मागचं सुटलं? मागचं सुटून पुन्हा पकडलं आणि गाडीने वर फेकून दिलं? की वेगच जास्त होता आणि बाहेर गेलो? या चारांपलीकडे फार काही नसतं. सुरुवातीला उत्तर एकच यायचं, "माहीत नाही, गेली." आज दादा पडला, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "ताई, घाईत पिळलं. गाडी अजून झोपलेली होती." माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच. पुन्हा पडणार नाही असं नाही, पण पडणं आता त्याच्यावर अचानक कोसळत नाही.

6 जुलै, रविवार

आषाढी. वर्ग कालऐवजी आज, पण अर्धीच मंडळी. काकूंचा उपास होता तरी आल्या, साबुदाण्याची खिचडी घेऊन. आम्ही स्पेनमधल्या हेरेस ट्रॅकवर नुसतं फिरलो.

14 जुलै, सोमवार

काल संध्याकाळी जर्मनीतल्या साक्सनरिंग ट्रॅकवरची खरी मोटोजीपी शर्यत जवळपास सगळ्यांनी आपापल्या घरी बघितली आणि आमच्या ग्रुपवर एवढे मेसेज यापूर्वी कधी आले नव्हते. मार्क मार्केझ जिंकला हे ठीक, पण शेवटपर्यंत पोचले फक्त दहा जण. पुढच्या क्रमांकांवरचे रायडर पहिल्याच वळणावर एकामागोमाग एक घसरले.

हा ट्रॅक मी पुढच्या वर्गासाठी ठेवला होताच. 3.671 किलोमीटर, 13 वळणं, त्यातली 10 डावी आणि फक्त 3 उजवी. म्हणजे टायरची डावी बाजू सतत रगडली जाते आणि उजवी गार पडत राहते. मग पट्टीवरून वेगात यायचं, कडक ब्रेक मारायचा आणि थंड बाजूवर झोपायचं: ते पहिलं वळण. अकरावंही उजवंच, तेही उतारावर आणि वेगात, लागोपाठ डावी वळणं घेऊन झाल्यावर.

नववीतलीने ग्रुपवर लिहिलं, "म्हणजे ते पण ब्रेक धरून झोपवतात?" तिने घसरण्याचं कारण स्वतः ओळखलं, समालोचकाच्या आधी. मला जी भीती घालवायची आहे ती इथेच आहे. तिला आजवर वाटत होतं की आपण पडतो कारण आपल्याला येत नाही. येणारेही पडतात, त्याच कारणाने पडतात, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एवढं बोलून मी पटवू शकले नसते.

वर्गात एवढं करायचं: साक्सनरिंगवर उजव्या वळणांना ब्रेक नेहमीपेक्षा अलीकडे, आणि झोपताना स्टिक सावकाश. बाकी दहा वळणांत काय हवं ते करा.

23 जुलै, बुधवार

आजची नोंद लांबणार.

बरेच दिवस मला कोडं होतं की एकटे असताना नीट चालवणारी ही माणसं ऑनलाइन रूममध्ये आली की पहिल्या दोन वळणांतच का कोलमडतात. आज हेडफोनवर काकूंचा आवाज ऐकून कळलं. मी मुद्दाम मागून येत होते. काकू म्हणाल्या, "अगं, तू मागे आहेस ना? मी बाजूला होऊ का? थांब, होते बाजूला," आणि भर वळणात लाइन सोडून बाहेर गेल्या. मी त्याच बाजूने पुढे निघाले होते. दोघी आडव्या.

पडायची भीती नाहीच त्यांना. दुसऱ्याचा खोळंबा होईल, आपल्यामुळे कुणाची शर्यत जाईल आणि तो चारचौघांत बोलेल, ही भीती आहे. गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभं राहिल्यावर मागच्याला उतरू देणारी माणसं आपण, ट्रॅकवरही तेच करायला जातो. आणि दादाचं उलट, मागून कुणी आलं की तो रस्त्यावरच्यासारखा आडवा येतो. दोन्हींनी अपघात होतो.

म्हणून आज शर्यत नाही, फक्त ओलांडून घेण्याचा सराव. मी आणि डोंबिवलीकर मागून येणार, बाकीच्यांनी काहीच करायचं नाही. हे काहीच न करणं फार कठीण आहे. नियम सांगितला: मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता, तुम्हाला तो दिसत नाही, तेव्हा सुरक्षित ओलांडण्याची जबाबदारी त्याची. तुमचं काम एकच, रोजच्या जागी ब्रेक, रोजची लाइन. तुमचा पुढचा क्षण त्याला ओळखता आला पाहिजे. पूर्ण लॅपने मागे पडलात आणि निळा झेंडा दिसला, तर जागा द्यायची, पण सरळ पट्टीवर, वळणात नाही.

"नाही काकू, तुम्ही तुमच्या लाइनीवर राहा. मी कडेने येते."

"आणि धडकलीस तर?"

"तर चूक माझी."

हे पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांचा आवाज बदलला. शेवटी मी आत घुसले तर म्हणाल्या, "जा, जा, पुढे सान दोनातोला भेटू."

पडल्यावर परत कसं यायचं तेही आज. खडीतून थेट लाइनीवर उडी नाही. कडेकडेने, वेग धरत, मागचे गेल्यावर.

2 ऑगस्ट, शनिवार

सुरुवात आणि पहिलं वळण. सगळे एकाच वेळी एकाच जागी पोचतात. शिवाय पुढच्या गाडीच्या आडोशाला वारा कमी लागतो, त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जास्त वेगात ब्रेकच्या पाटीशी येते, आणि रायडर उठून बसला की छातीवर वारा घेऊन जो वेग कमी होतो तोही पूर्ण मिळत नाही. सरावातली ब्रेकची जागा इथे उशिराची ठरते. पहिल्या लॅपला सर्वांनी अलीकडे ब्रेक मारायचा, गेले चार क्रमांक तर गेले.

कारवाला भाऊ आज स्पष्ट म्हणाला की त्याला यात मजा येत नाही, तो कारकडे परत जातोय. त्याला थांबवलं नाही. जाताना त्याची लॅनची लांब वायर आम्हाला देऊन गेला.

एका पालकांचा फोन आला होता, मुलगी उद्या रस्त्यावर गाडी मारेल का म्हणून. तिला अजून लायसन्सचं वय नाही, आणि इथे ती जे शिकते ते मुख्यतः अलीकडे ब्रेक मारणं आणि दुसऱ्याला जागा ठेवणं आहे. दादालाही बजावलं आहे: मुजेल्लोचं डांबर आणि लालबागचा पूल यांत फरक असतो, तिथली जिद्द तिथेच ठेवायची.

19 ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. शाळा-कॉलेजं बंद, लोकल ठप्प, सगळे घरी अडकलेले. दुपारीच रूम उघडली आणि हवामान पाऊस ठेवलं, दुसरं काय ठेवणार.

ओल्यात सगळं तेच, पण कमी: कमी झोपायचं, कमी पिळायचं, ब्रेकचा दाब हळू वाढवायचा. पावसाच्या टायरला खाचा असतात, त्यांतून पाणी बाहेर जातं. तरी कोरड्याची पकड येत नाही. डोंबिवलीकर, जो कोरड्यात सगळ्यांच्या पुढे असतो, वारंवार आडवा झाला. काकू आपल्या संथ हातांनी एकदाही न पडता त्याच्या आधी शेवटाला पोचल्या. त्याने बिचाऱ्याने मोठ्या मनाने मान्य केलं. दादाचं नेट दोनदा गेलं, तिसऱ्यांदा वीज.

23 ऑगस्ट, शनिवार

उघडी रूम. संध्याकाळीच घेतली, म्हणजे युरोपातली दुपार. मोटो 3, हेरेस, अनोळखी लोक.

नववीतलीने पूर्ण केली, मधल्या गर्दीत. एकदा ती बाहेर गेली, कडेने वेग धरून मागचे जाऊ दिले आणि परत आली, शिकवल्याबरहुकूम. डोंबिवलीकर वरच्या क्रमांकांत होता, ट्रॅकची हद्द ओलांडल्याची शिक्षा खाऊन खाली आला, चिडला, पण सोडली नाही. दादाला कुणीतरी पहिल्याच वळणावर आतून येऊन उडवलं आणि वर माइकवर इंग्रजीत बडबडलं. दादाने माइक म्यूट केला, गाडी उचलली आणि शेवटून दुसरा आला. नंतर त्याने एवढंच विचारलं, "त्याची जबाबदारी होती ना, ताई?" होती.

काकूंना पूर्ण लॅपने ओलांडून दोघं गेले. त्यांनी निळा झेंडा पाहिला, पट्टीवर उजवीकडे राहिल्या, वळणात हलल्या नाहीत. शेवटच्या आल्या. नातू दुसऱ्या खोलीतून फोनवर बघत होता, त्याने लगेच विचारलं की आता माझ्याशी कधी.

30 ऑगस्ट, शनिवार

वर्ग बंद. गणपतीत लालबागला संध्याकाळी पोचायचं म्हणजे वेगळीच शर्यत, आणि वरच्या खोलीत मंडळाच्या खुर्च्या रचल्या आहेत. विसर्जन 6 सप्टेंबरला, खोली रिकामी व्हायला आठवडा धरते.

पुढची तुकडी 13 सप्टेंबरपासून. ब्रेकचा पहिला वर्ग नववीतली घेणार आहे, मी फक्त बाजूला बसणार. ओलांडून घेण्याचा सराव या वेळी पार जुलैत गेला तसा उशिरा नाही, दुसऱ्याच आठवड्यात ठेवायचा. बुधवारची वेळ साडेनऊऐवजी दहा, कारण काकू म्हणाल्या की त्याआधी ओटा आवरून होत नाही. जुन्या स्टिकचा कंट्रोलर दुरुस्तीला द्यायचा आहे. जीपी बाईक्सचं डोंबिवलीकर रोज विचारतो. त्याच्यापुरता उघडते, पण पडला की का पडलो ते आधी बोलायचं, हा नियम तिथेही राहील.